एक्सल बूट सारखा फाटतोय? नुसता बूट बदलू नका, आधी का फाटतोय ते शोधा

पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला काळं चिकट ग्रीस उडालेलं दिसतं, मेकॅनिक म्हणतो एक्सल बूट फाटला, नवीन टाकून देतो, आपण पैसे देतो, गाडी छान चालते आणि पुढचा पावसाळा संपायच्या आत परत त्याच चाकावर तेच ग्रीस. मारुती ८००, जुनी अल्टो, झेन, वॅगनआर, सँट्रो वापरणाऱ्यांना हे काही नवीन नाही. दोन-तीनदा असं झालं की मग सल्ला मिळतो की आता अख्खा एक्सलच टाका, रोजची कटकट नको. मला हा सल्ला बहुतेक वेळा पटत नाही. जॉइंट धड असेल तर जुन्या गाडीतला कंपनीचा मूळ जॉइंट बाजारातल्या स्वस्तातल्या नवीन एक्सलपेक्षा जास्त टिकतो, तो भंगारात घालू नका. बूट काही शेकड्यांत येतो, एक्सलला काही हजार जातात, आणि बूट ज्या कारणाने फाटत होता ते कारण तसंच राहिलं तर नवीन एक्सलचा बूट पण फाटणारच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुढची चाकं फिरवणाऱ्या गाडीत गिअरबॉक्समधून दोन्ही चाकांकडे एकेक शाफ्ट जातो आणि त्याच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट, म्हणजे कोनात वाकूनही एकसारख्या वेगाने फिरणारा सांधा असतो, एक गिअरबॉक्स साइडचा आणि एक व्हील साइडचा. हे सगळं मिळून एक्सल. व्हील साइडच्या जॉइंटमध्ये सहा गोळ्या, आतली रेस, त्यांना धरणारा पिंजरा आणि बाहेरचा कप, ही रचना आल्फ्रेड रेझेप्पा नावाच्या इंजिनिअरने १९२० च्या दशकात काढली आणि आजही तीच वापरतात. गिअरबॉक्स साइडला गाडीनुसार तीन रोलरचा जॉइंट असतो नाहीतर गोळ्यांचा, पण तो आत-बाहेर सरकतो, कारण खड्ड्यात चाक वर-खाली झालं की शाफ्टची लांबी कमी-जास्त व्हायला लागते. या दोन्ही जॉइंटवर घड्या असलेलं जे रबर असतं तो बूट. त्याचं काम ग्रीस आत ठेवणं आणि धूळ-पाणी बाहेर ठेवणं, बस. फाटला की चाकाच्या फिरण्याने ग्रीस बाहेर फेकलं जातं, ते तर वाईट आहेच पण खरा घात आत शिरलेली माती करते. उरलेल्या ग्रीसमध्ये माती मिसळली की ती ग्राइंडिंग पेस्टसारखी गोळ्यांचे खाचे घासत बसते. कोकणातली लाल बारीक माती आणि पावसाचं पाणी एकदम आत गेलं तर काही आठवड्यांत चांगला जॉइंट संपतो, म्हणून बूट फाटलेला दिसला की पुढच्या महिन्यात बघू असं करू नका.

आता बूट बदलण्याआधी जॉइंट वाचलाय का ते बघायचं, नाहीतर मेलेल्या जॉइंटवर नवीन बूट चढवून पैसे वाया. मोकळ्या मैदानात, शक्यतो एखाद्या भिंतीच्या जवळ म्हणजे आवाज परतून नीट ऐकू येतो, काचा खाली करा, स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा आणि पहिल्या गिअरमध्ये हळूहळू अ‍ॅक्सिलरेटर देत गोल फिरवा, मग दुसऱ्या बाजूला, मग रिव्हर्समध्ये पण. कट-कट-कट असा आवाज आला आणि चाकाच्या वेगाबरोबर तो वाढला-कमी झाला तर व्हील साइडचा जॉइंट घासलाय, आणि बहुतेक वेळा वळणाच्या बाहेरच्या बाजूला जे चाक असतं त्याचाच. सरळ रस्त्यावर पिकअप घेताना गाडी थरथरते आणि पाय काढला की थांबते, असं असेल तर गिअरबॉक्स साइडच्या जॉइंटवर संशय घ्या. स्पीडब्रेकरवर एकदाच खट् वाजणारा आवाज मात्र बऱ्याचदा लोअर आर्मच्या बॉल जॉइंटचा नाहीतर शॉकअपच्या वरच्या माउंटिंगचा असतो, त्याचं खापर एक्सलवर फोडू नका.

दुसरी तपासणी बोटांनी. फाटलेल्या बुटातून थोडं ग्रीस काढून अंगठा आणि बोटात चोळून बघा. ग्रीस काळं आहे म्हणून घाबरू नका, या जॉइंटमधलं मॉलीचं (मॉलिब्डेनमवालं) ग्रीस मुळातच काळं असतं. चोळताना मऊ गुळगुळीत लागलं तर तुम्ही वेळेत पकडलंय. कचकच लागली, उन्हात धरल्यावर बारीक चमचमणारे कण दिसले, तर लोखंड झिजायला लागलंय. आणि दुधाळ नाहीतर तांबूस झालं असेल तर पाणी शिरलंय, अशा वेळी जॉइंट उघडून धुतल्याशिवाय निर्णय घेऊ नका. चाक जॅकवर असताना शाफ्ट हाताने धरून उलटसुलट पिळून पण बघा, गिअरबॉक्स साइडला आत-बाहेर थोडं सरकणं नॉर्मल आहे, ते बघून कोणी जॉइंट गेला म्हणत असेल तर ऐकू नका, पण व्हील साइडला पिळताना टक् करून ढिलेपणा जाणवला तर तो नॉर्मल नाही.

आता मुख्य विषय, सारखा का फाटतो. जुना बूट मेकॅनिककडून मागून घ्या, फेकू देऊ नका, पुसून उजेडात बघा. तो कुठे आणि कसा फाटलाय त्यावरून कारण कळतं आणि ही गोष्ट गॅरेजमध्ये जवळजवळ कोणीच करत नाही.

रबर फुगलेलं, मऊ, चिकट झालेलं असेल तर त्याच्यावर तेल किंवा डिझेल पडतंय. आपल्याकडे पावसाळ्याच्या आधी गाडीला खालून डिझेल मारून घ्यायची पद्धत आहे, गंज लागू नये म्हणून, आणि सर्व्हिसिंगला इंजिन धुताना पण डिझेल नाहीतर रॉकेल फवारतात. पत्र्याला त्याने काय फायदा होतो तो होवो, पण एक्सल बूट, बॉल जॉइंटची टोपी, स्टिअरिंग रॅकचे बूट, सगळ्या रबराची त्याने वाट लागते. मारुतीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सुद्धा जॉइंट धुताना बूट पेट्रोल-रॉकेलमध्ये घालू नका, फडक्याने पुसा असंच सांगितलेलं असतं. डिझेल वॉश बंद करा, खालून नुसतं पाणी मारा, आणि अंडरबॉडी कोटिंग करून घेत असाल तर बुटांवर आधी प्लास्टिक गुंडाळायला लावा. डिझेल वॉश कधीच केला नसेल आणि तरी बूट फुगला असेल तर वर बघा, टॅपेट कव्हरचं पॅकिंग किंवा गिअरबॉक्सचं एक्सल ऑइल सील गळत असणार आणि ते तेल ओघळून बुटावर येत असणार. हे सील स्वस्त असतं आणि एक्सल बाहेर काढलेला असतो तेव्हा ते बदलायला वेगळी मजुरी लागत नाही, त्याच वेळी बदलून टाका.

घड्यांच्या खोबणीत गोल तडा गेलाय आणि बाकी रबर चांगलं आहे, असं असेल तर घड्या एकमेकींवर घासतायत. याचं आपल्याकडचं फार मोठं कारण म्हणजे स्प्रिंग बफर. गाडी खाली घासते म्हणून कॉइल स्प्रिंगमध्ये रबराचे नाहीतर प्लास्टिकचे बफर बसवतात, गाडी वर उचलली जाते आणि शाफ्टचा कोन वाढतो, मग सरळ रस्त्यावर सुद्धा जॉइंट कायम वाकलेल्या अवस्थेत फिरत राहतो. व्हील साइडचा बूट वर्ष-वर्षात फाटतोय आणि गाडीला बफर आहेत, तर पुढचा बूट टाकण्याआधी ते पुढचे बफर काढा. स्प्रिंग बसल्या असतील तर स्प्रिंग बदला, तो खर्च करण्यासारखा आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी दिवसेंदिवस उन्हात लावून ठेवली तरी एका बाजूच्या घड्या ताणलेल्या राहतात आणि रबराला तिथेच भेगा पडतात, चाकं सरळ करून पार्क करायची सवय फुकट आहे. बूट सगळीकडून कडक होऊन बारीक बारीक भेगा पडल्या असतील तर ते मात्र सरळ वय आहे, किंवा बूट हलक्या रबराचा होता.

गिअरबॉक्स साइडचा बूट सारखा जात असेल तर इंजिन माउंटिंग बघा. बोनेट उघडून एकाला गाडीत बसवा, हँडब्रेक ओढून, पाय ब्रेकवर घट्ट ठेवून, पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायला सांगा, इंजिन भरपूर डुलत असेल तर माउंटिंग गेलंय. गाडीच्या समोर उभं राहू नका, बाजूने बघा. माउंटिंग बसलं की इंजिन कलतं आणि तो जॉइंट त्याच्या हद्दीच्या टोकाला जाऊन आपटत राहतो. सायलेन्सरचा पाइप जवळून जातो त्या गाड्यांत मधला पत्रा, म्हणजे हीट शील्ड, गंजून पडलेला असतो आणि बूट शेकून कडक होतो, तेही बघा.

बूट अख्खा आहे, फाटलेला नाही, पण बारीक तोंडाकडून ग्रीस गळतंय, असं असेल तर दोष क्लॅम्पचा, म्हणजे बुटाचं तोंड आवळून धरणाऱ्या पट्टीचा. हे फार कॉमन आहे आणि याला फाटलेला बूट समजून लोक बूट बदलत राहतात. किटमधली पट्टी न वापरता तारेने पिळलेला नाहीतर नायलॉन केबल टायने बांधलेला बूट मी तरी टिकलेला पाहिलेला नाही, तार रबरात रुतून कापते आणि नायलॉन इंजिनच्या उष्णतेने सैल पडतं. पट्टीचं टोक उभं राहिलं तरी ते शेजारच्या घडीला कापतं. शाफ्टवर बूट जिथे बसतो तिथे खोबण असते, त्यात गंज चढून खड्डे पडले असतील तर क्लॅम्प कितीही आवळा, ग्रीस निघणारच, ती जागा बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत केल्याशिवाय बूट चढवू नका. आणि बूट आत ओढल्यासारखा चपटा झालेला दिसत असेल तर बसवताना आत हवा कमी राहिलीय, त्याबद्दल खाली सांगतो.

आता दुरुस्ती. मारुतीच्या बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांत व्हील साइडचा जॉइंट शाफ्टपासून सुटा होत नाही, कंपनी तो उघडू नका असंच सांगते. म्हणजे व्हील साइडचा बूट बदलायचा तर गिअरबॉक्स साइडचा जॉइंट खोलायचा, तो बूट काढायचा आणि मग नवीन बूट शाफ्टवरून सरकवत चाकाकडे न्यायचा. म्हणून माझं म्हणणं असं की एक फाटला तरी त्या एक्सलचे दोन्ही बूट एकाच वेळी बदला, मजुरी एकदाच लागते, आणि मजुरीच बुटापेक्षा जास्त असते. सुटा होणाऱ्या जॉइंटच्या गाड्यांत काम सोपं, पण जॉइंट शाफ्टवर अडकवून ठेवणारं लॉक (सर्कलिप) नवीन वापरा, जुनं नको.

घरी करणार असाल तर हब नट, म्हणजे चाकाच्या मधोमध एक्सलच्या टोकावर असतो तो मोठा नट, गाडी जमिनीवर असतानाच ढिला करा, स्प्लिट पिन किंवा ठोकलेली कड आधी सरळ करून. बहुतेक छोट्या गाड्यांना ३० किंवा ३२ चा सॉकेट लागतो आणि लांब पाइप. मग जॅक, मग घोडीवर गाडी, नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालू नका, हे कळकळीने सांगतोय. गिअर ऑइल आधी काढून घ्या नाहीतर खाली ट्रे ठेवा, शाफ्ट ओढला की ते बाहेर येणारच, आणि काम झाल्यावर लेव्हल भरायची विसरू नका, गिअरबॉक्सचा खर्च एक्सलच्या कितीतरी पट आहे. लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवून नकल, म्हणजे हब धरून ठेवणारा भाग, बाहेर ओढली की शाफ्टचं टोक हबमधून निघतं, अडकलं तर नट उलटा लावून मग ठोका, थेट आट्यांवर हातोडी मारू नका. ब्रेक कॅलिपर खोललं तर ते होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला टांगा. आणि एक्सल बाहेर असताना गाडी चाकावर टेकवून ढकलू नका, हबचं बेअरिंग एक्सल आणि नटच्या दाबानेच जुळून राहतं, ते त्यात खराब होतं.

गिअरबॉक्स साइडचा कप काढण्याआधी कप, आतला तिघाडी स्पायडर (ज्यावर तीन रोलर बसतात तो) आणि शाफ्ट यांच्यावर रंगाची एक रेघ मारा म्हणजे परत तसंच बसवता येईल. रोलर सुटून पडू नयेत म्हणून स्पायडरभोवती टेप गुंडाळा, त्यांची अदलाबदल करायची नसते. लॉक काढलं की स्पायडर निघतो, त्याची कोणती बाजू शाफ्टकडे होती ते बघून ठेवा.

मग धुणं, आणि घाईत हेच राहून जातं. व्हील साइडचा जॉइंट सुटा होत नसला तरी तो वाकवून वाकवून, प्रत्येक गोळी दिसेल असा फिरवून रॉकेलने धुवायचा, निघणारं रॉकेल स्वच्छ येईपर्यंत, मग हवा मारून पूर्ण कोरडा. कोरडा झाला की टॉर्च लावून गोळ्यांचे खाचे बघा. गुळगुळीत आणि फक्त चकाकी आली असेल तर उत्तम. नखाला लागेल असा खड्डा, पापुद्रा निघालेला किंवा निळसर जळका रंग दिसला तर तो जॉइंट संपला, तिथेच थांबा. गॅरेजमध्ये काम देत असाल तर आधीच सांगून ठेवा, उस्ताद, बूट चढवण्याआधी जॉइंट मला धुऊन दाखवा. चांगला मेकॅनिक याला नाही म्हणत नाही.

शाफ्टच्या टोकाला स्प्लाइनचे दात असतात त्यावर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे द्या आणि मगच नवीन बूट सरकवा, नाहीतर त्या दातांनी बुटाची आतली कड चिरते आणि नव्याकोऱ्या बुटातून पहिल्याच दिवशी ग्रीस यायला लागतं. क्लॅम्प आधी शाफ्टवर सरकवलाय ना बघा. ग्रीस किटमध्ये आलेलंच वापरा, त्या जॉइंटला जेवढं लागतं तेवढंच पाकिटात असतं. दोन्ही जॉइंटची पाकिटं बऱ्याचदा वेगवेगळी असतात, अदलाबदल करू नका. अर्धं ग्रीस गोळ्यांमध्ये अंगठ्याने दाबून बसवायचं आणि उरलेलं बुटात. चेसिस ग्रीस किंवा डब्यातलं साधं पिवळं ग्रीस चालणार नाही, गोळ्यांवरचा दाब त्याला झेपत नाही. सुटं घेणार असाल तर सीव्ही जॉइंटचं मॉलिब्डेनम डायसल्फाइडवालं लिथियम ग्रीस मागा.

क्लॅम्प आवळण्याआधी बूट पिळलेला नाही ना बघा, घड्या सारख्या दिसल्या पाहिजेत. बारीक तोंडाखाली गोल टोकाचा छोटा स्क्रूड्रायव्हर किंचित सरकवून हवा आत-बाहेर जाऊ द्या, फुस् आवाज येईल, मग बूट आपोआप त्याच्या मूळ आकारात येतो, आणि मग आवळा. पट्टीचा क्लॅम्प असेल तर त्याचं दुमडलेलं टोक चाक पुढे फिरतं त्याच्या उलट दिशेला यायला हवं, म्हणजे ते उकलत नाही. कानाचा क्लॅम्प असेल तर त्याची पक्कड घ्या, कटिंग प्लायरने तो नीट दाबला जात नाही, कापलाच जातो. हब नटला मॅन्युअलमधला टॉर्क, नवीन स्प्लिट पिन, आणि ज्या नटाची कड ठोकायची असते तो नट नवीनच.

बाजारात चिरलेले बूट मिळतात, एक्सल न काढता गुंडाळून डिंकाने चिकटवायचे. स्वस्त आणि सोपं वाटतं, पण त्या जोडाला ग्रीसचा एक थेंब लागला तरी तो धरत नाही आणि गाडीखाली झोपून तो थेंब टाळणं फार अवघड आहे. प्रवासात अडकलात, घरापर्यंत यायचंय, तर ठीक, कायमचा इलाज म्हणून नको. शंकूवरून ताणून चढवायचे बूट त्यापेक्षा बरे, त्यात जोड नसतो, शाफ्ट हबमधून काढावा लागतो पण गिअरबॉक्सला हात लावावा लागत नाही. अट एवढीच की आतला जॉइंट आधी स्वच्छ धुतला गेला पाहिजे, आणि गाडीवर असताना ते जमेलच असं नाही. मटेरियलचं म्हणाल तर मऊ निओप्रीन रबर बसवायला सोपं आणि थोडा खराब शाफ्ट पण सांभाळून घेतं, कडक थर्मोप्लास्टिकचा बूट दगड-उन्हाला जास्त टिकतो पण त्याला ताकदीचा क्लॅम्प लागतोच. सिलिकॉनचे चमकदार बूट दिसायला छान असतात पण खडीने लवकर कापले जातात, आपल्या रस्त्यांना नकोत.

पार्ट घेताना पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊसकडची दुकानं, किंवा तुमच्या गावातलं मारुती जेन्युइनचं काउंटर, कुठेही जा पण गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगा आणि जुना बूट सोबत न्या. 'सगळ्यांना बसतो' असा बूट घेऊ नका, तोंडाचा व्यास थोडा जरी मोठा असेल तर क्लॅम्पखाली घडी पडते आणि गळती तिथूनच चालू होते. पाकिटात बूट, ग्रीस, दोन क्लॅम्प आणि लॉक असं सगळं आहे ना ते दुकानातच उघडून बघा.

काम झाल्यावर पाचशे-एक किलोमीटरनंतर स्टिअरिंग वळवून चाकामागे मोबाइलचा टॉर्च मारा. बसवताना बाहेर लागलेलं ग्रीस थोडं उडतं, ते आधीच पुसून ठेवलंत तर नंतर दिसलेलं ग्रीस हे गळतीचंच, संशय राहत नाही. जुन्या गाडीची पीयूसी दर सहा महिन्यांनी करावीच लागते, त्याच दिवशी चारही बूट बघायचे असं ठरवून टाका.

आणि जॉइंट खरंच गेलाय, कट-कट वाजतोय, खाच्यात खड्डे आहेत, तर मग बुटावर पैसे घालू नका. त्यातही आधी चौकशी करा की तुमच्या गाडीचा नुसता व्हील साइडचा जॉइंट शाफ्टसकट मिळतो का, कारण गिअरबॉक्स साइडचा बहुतेक चांगला असतो आणि तो धुऊन परत वापरता येतो. भंगारातून एक्सल घेणार असाल तर डावा-उजवा लांबीला वेगळा असतो, आपला जुना मोजून घेऊन जा, आणि ज्याचे बूट अजून अख्खे आहेत असाच उचला. बदलून झाल्यावर आपला जुना एक्सल गॅरेजमध्ये सोडून येऊ नका, त्याचा स्पायडर, रोलर, कप कपड्यात गुंडाळून ग्रीस लावून ठेवा, या गाड्यांचे मूळ पार्ट दिवसेंदिवस मिळेनासे होत चाललेत.